डेअरीच्या सांडपाण्यावर शेवाळ आणि त्यापासून बायोडिझेल : आधी पाण्याचा हिशेब, मग तेलाचा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. हातकणंगले तालुक्यात आपली छोटी डेअरी आहे. दूध पिशवीबंद करण्याबरोबरच श्रीखंड आणि पनीरही तेथे होते. रोज सुमारे २०,००० लिटर सांडपाणी निघते आणि शेजारी एक एकर पड जमीन आहे. या पाण्यावर सूक्ष्मशैवाल वाढवले, तर एकरी वर्षाला २०,००० लिटरहून अधिक बायोडिझेल मिळेल, त्यावर दुधाचे टेंपो आणि ट्रॅक्टर चालतील आणि ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा, खर्चही सुटेल, असे एका विक्रेत्याने आपल्याला सांगितले आहे. यात पैसे घालावेत का, असे आपण विचारले आहे.

मी कोल्हापूर परिसरात बावीस वर्षे सांडपाणी प्रक्रियेचे काम करतो. शेवाळाची तळी मी स्वतः चालवली आहेत आणि एकदा त्यातून तेल काढण्याचा हट्टही केला आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. सांडपाणी कमी विजेत स्वच्छ कसे करावे हा पहिला, आणि इंधन कोठून मिळवावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात शेवाळाला चांगली जागा आहे. दुसऱ्याच्या उत्तरात, निदान आपल्या आकाराच्या डेअरीसाठी, ती जवळजवळ नाही.

विक्रेत्याचा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधलेखात ३० टक्के तेल असलेल्या शैवालापासून हेक्टरी वर्षाला ५८,७०० लिटर तेल मिळू शकेल असा हिशेब मांडला होता. तो एकरात बदलला की पावणेचोवीस हजार लिटरच्या आसपास येतो आणि बहुतेक माहितीपत्रकांत तोच फिरत असतो. उलट गणित केले, तर त्यासाठी प्रत्येक चौरस मीटरवर रोज सुमारे ४७ ग्रॅम कोरडे शैवाल, तेही वर्षाचे ३६५ दिवस, निघावे लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे या विषयावर काम केले. न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे त्यांची हजार चौरस मीटरची उघडी तळी होती. तेथे एखाद्या दिवशी ५० ग्रॅमपर्यंत मजल गेली, पण सरासरी १० ग्रॅमच्या आसपासच राहिली, कारण तेथील रात्री थंड असतात. आपल्याकडे रात्री तितक्या थंड नसतात, ही जमेची बाजू आहे. मात्र जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. मी उघड्या तळ्यासाठी वर्षाची सरासरी १२ ते १५ ग्रॅमच्या वर कधीच धरत नाही.

आता आपला हिशेब करू. आपल्याकडे जमीन भरपूर आहे, पण शैवालाचे अन्न सांडपाण्यात आहे आणि ते रोजच्या २०,००० लिटरपुरतेच आहे. पाणी तळ्यात सहा दिवस राहावे असे धरले, तर १,२०,००० लिटरचे तळे लागते. सूर्यप्रकाश खोल जात नाही, म्हणून खोली २५ सेंटिमीटरच ठेवावी लागते. म्हणजे ४८० चौरस मीटर, साधारण पावणेपाच गुंठे. अशा तळ्यात एका लिटर पाण्यात ०.३ ते ०.४ ग्रॅम कोरडे शैवाल असते, म्हणून रोज सुमारे ७ किलो हाती येते. सांडपाण्यावर वाढलेल्या शैवालात बायोडिझेल होण्याजोगा स्निग्धांश मी १० टक्के धरतो. त्याचे ७०० ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटरहून किंचित जास्त बायोडिझेल. ट्रॅक्टर नांगरटीला तासाला चार-पाच लिटर डिझेल पितो, तेव्हा दिवसभराच्या उत्पादनावर तो दहा मिनिटे चालेल. तळे वर्षातून ३०० दिवस चांगले चालले, तर वर्षाचे २४० लिटर होतात. पूर्ण एकर तळ्याखाली आणायचा, तर रोज सुमारे १,७०,००० लिटर सांडपाणी लागेल, आणि तरीही हाती येणारे तेल माहितीपत्रकातील आकड्याच्या दहाव्या भागाएवढेच असेल.

स्निग्धांश दहाच टक्के का धरला, असे आपण विचाराल, आणि खरी ग्यानबाची मेख तेथेच आहे. शैवालाला नत्र भरपूर मिळाले की ते प्रथिने बनवते, पेशी दुभंगत जातात, तळे गर्द हिरवे होते. नत्र संपले की प्रथिने बनवता येत नाहीत, वाढ मंदावते, आणि प्रकाशातून आलेला कार्बन चरबीच्या थेंबांच्या रूपाने पेशीत साठू लागतो. 'काही जातींत ४०-५० टक्के तेल' असे आपण वाचले असेल, ते या उपासमारीच्या अवस्थेतील आकडे असतात. सांडपाण्याच्या प्रक्रियेत आपल्याला नत्र आणि स्फुरद पाण्यातून निघून शैवालात जायला हवे असते, म्हणजे शैवाल पोटभर जेवायला हवे. तेल हवे असेल, तर ते उपाशी राहायला हवे. दुसरे तळे बांधून तेथे चार-सहा दिवस उपास घडवण्याचा मार्ग आहे, पण त्याने जागा दुप्पट होते, वाढ थांबते आणि रात्रीच्या श्वसनात कमावलेले थोडे गमावलेही जाते. टक्केवारी वाढते, रोजचे तेल त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय सांडपाण्याच्या तळ्यातून जे गोळा होते ते सगळे शैवाल नसते. त्यात जिवाणू असतात, मेलेल्या पेशींचा गाळ असतो. त्यातून निघणाऱ्या 'तेला'त हरितद्रव्य आणि पेशीपटलातील फॉस्फोलिपिडे मोठ्या प्रमाणात असतात आणि त्यांचे सरळ बायोडिझेल होत नाही.

जातींच्या निवडीवर आपण पत्रात बराच भर दिला आहे, पण त्यात अडकू नये. क्लोरेला आणा किंवा सेनेडेस्मस आणा, उघड्या तळ्यात महिन्याभरात कोण टिकायचे ते तळेच ठरवते.

दुसरी अडचण पाणी काढण्याची आहे, आणि ती कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळाच्या भाषेत लगेच कळेल. हजार लिटर उसाचा रस काहिलीत आटवला की पावणेदोनशे-दोनशे किलो गूळ मिळतो आणि चुलवाणात जळण म्हणून त्याच उसाची चिपाडे असतात. तळ्यातील हजार लिटर पाण्यात शैवाल असते साडेतीनशे ग्रॅम, आणि त्याच्याबरोबर चिपाडे येत नाहीत. या पेशी ५ ते १० मायक्रॉनच्या असतात. धोतराच्या चौपदरी कापडातून त्या सरळ निघून जातात, हे मी करून पाहिले आहे. वर कापड हिरवे होते ते वेगळेच. म्हणून आधी तुरटी किंवा तत्सम काही घालून त्या बसवाव्या लागतात. २०,००० लिटरचे सुमारे ४७० लिटर पातळ गाळ होते, तो दाबून ३५ किलो लगदा होतो, आणि त्या लगद्यात अजूनही २८ किलो पाणी असते. एक किलो कोरड्या शैवालामागे ते चार किलो पाणी उष्णतेने घालवायला किमान ९ मेगाज्यूल लागतात, आणि त्या एका किलोतून मिळणाऱ्या बायोडिझेलमध्ये पावणेचार मेगाज्यूल असतात. वाळवणे उन्हावर करता येते, हे खरे. एप्रिलमध्ये ताडपत्रीवर दोन दिवसांत पापडासारखा पापुद्रा निघतो. त्या दोन दिवसांत आवारात मासळी बाजाराचा वास असतो आणि स्निग्धांश हवेने खवट होतो. जुलैत काय करायचे, हे मला अजून सापडलेले नाही.

पुढचा टप्पा मी एकदाच पूर्ण केला आणि ते तेल मला चांगले आठवते. एका कारखान्याच्या आवारात साठ चौरस मीटरचे तळे होते, मालक उत्साही होते आणि खरे सांगायचे तर मीही होतो. दोन महिन्यांचे वाळलेले शैवाल हेक्सेन या द्रावकात मुरवून जे निघाले ते काकवीसारखे दाट आणि जवळजवळ काळे होते. बाटली उन्हात धरली की कडेला हिरवी झाक दिसे. त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून तापवले, तेव्हा वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन असे दोन थर पडायला हवे होते. त्याऐवजी सगळ्याचे दही झाले. तो साबण होता. खवट तेलात मुक्त स्निग्धाम्ले वाढलेली होती आणि थोडे पाणीही राहिले होते. अशा तेलाला आधी आम्लाची प्रक्रिया द्यावी लागते, ती मी आळसाने टाळली होती. दुसऱ्या खेपेला ती केली, तेव्हा अर्धा लिटरही न भरणारे गढूळ इंधन मिळाले. ते आम्ही कंदिलात जाळले. बायोडिझेलसाठीच्या आयएस १५६०७ या मानकाच्या जवळपासही ते गेले नसते आणि हल्लीच्या कॉमन रेल, म्हणजे अतिदाबाने इंधन फवारणाऱ्या, इंजिनाच्या टेंपोत घालण्याची माझी छाती झाली नसती. येथे एक सावधगिरीही सांगून ठेवतो. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसा उजेडी दिसत नाही, हेक्सेनची वाफ लांबूनही पेट घेते. दूध हाताळणाऱ्या आवारात या दोन्ही गोष्टी ठेवूच नयेत.

त्याच तळ्यावर एका मार्चमध्ये घडलेली गोष्ट वेगळी आहे, आणि तेल काढायचे नसले तरी तिचा आपल्याला उपयोग होईल. सोमवारी तळे पालकाच्या रसासारखे होते, गुरुवारी चहासारखे तपकिरी आणि पारदर्शक झाले. कामगार म्हणाला, "साहेब, कुणी तरी औषध टाकलंय." काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरले, तेव्हा रव्याच्या कणांएवढे पांढरे जीव झटके देत पोहताना दिसले. ते डॅफ्निया होते आणि त्यांच्या जोडीला भिंगाखाली दिसणारे रोटिफर. तीन दिवसांत त्यांनी सगळे शैवाल खाऊन टाकले होते. तेव्हापासून तळे चालवणाऱ्या प्रत्येकाला मी रोज सकाळी पेला उजेडाकडे धरून बघायला सांगतो. पांढरे ठिपके दिसू लागताच पाण्याचा मुक्काम सहा दिवसांवरून तीन-चार दिवसांवर आणला, तर त्यांची पैदास होण्याआधी ते वाहून जातात.

आता परिस्थितीनुसार काय बदलते ते पाहू. आपल्याकडे लाकडाचा किंवा बगॅसचा बॉयलर असेल आणि त्याचा धूर थंड करून तळ्यात सोडता येत असेल, तर त्यातील कार्बन डायऑक्साइडने उत्पादन वाढते. याचे कारण असे की, दुपारी चारच्या सुमारास भरात आलेल्या तळ्याचा पीएच साडेनऊ-दहापर्यंत चढतो, आणि तो चढणे म्हणजे विरघळलेला कार्बन संपत आल्याची खूण असते. त्या पीएचला नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. पाणी स्वच्छ झाल्यासारखे दिसते, पण ते नत्र शैवालात आलेले नसते. इचलकरंजीच्या रंगप्रक्रियेच्या पाण्यावर हा खेळ अजिबात जमत नाही, कारण रंग प्रकाश अडवतो. डेअरीचे पाणी त्या मानाने उत्तम. पण आपल्या नळांची आणि टाक्यांची धुलाई कॉस्टिक व नायट्रिक आम्लाने होत असणार, आणि ते पाणी थेट आले तर पीएच एकदा २ आणि तासाभराने १२ असा झोके घेतो. त्यासाठी समतोल टाकी, म्हणजे सगळे पाणी आधी एकत्र मिसळणारी टाकी, हवीच. निर्जंतुकीकरणाला अमोनियमयुक्त रसायन वापरत असाल, तर ते शैवालालाही मारते. पनीरचे आणि चक्क्याचे पाणी, म्हणजे व्हे, सांडपाण्यात सोडूच नये. त्याचा सीओडी, म्हणजे घाण मोडायला लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरला ५०,००० मिलिग्रॅमच्या वर असतो. ते वेगळे साठवून जनावरांना द्यावे किंवा विकावे.

माझे म्हणणे असे की, आपल्याला इंधनच हवे असेल, तर ते तळ्यात न शोधता तळ्याच्या आधीच्या टाकीत शोधावे. व्हे वगळून आणि फॅट ट्रॅपमध्ये तूप-चरबी अडवून समतोल टाकीतील पाण्याचा सीओडी लिटरला सुमारे २,००० मिलिग्रॅम राहील असे धरले, तर रोज ४० किलो सीओडी येतो. बंद, हवाविरहित टाकीत, म्हणजे गोबरगॅसच्याच तत्त्वावर, त्यातील ७० टक्के, म्हणजे २८ किलो, मोडता येतो. एक किलो सीओडीमागे ०.३५ घनमीटर मिथेन हे सैद्धांतिक प्रमाण आहे. त्यातील निम्मेच हाती आले असे मी सावधपणे धरतो, तरी रोज ५ घनमीटर मिथेन मिळते. त्याची उष्णता पाच लिटर डिझेलएवढी असते, म्हणजे घरगुती गॅसचा एक सिलिंडर साधारण चार दिवसांना वाचतो. तळ्यातून, एवढा सगळा खटाटोप करून, पाऊण लिटर मिळत होते. हा गॅस टेंपोत घालता येणार नाही, पण डेअरीला गरम पाणी रोजच लागते आणि तेथे तो तसाच्या तसा जळतो. आपल्या जिल्ह्यात गोबरगॅस घरोघरी माहीत आहे, त्यामुळे अशी टाकी सांभाळणारा माणूसही सहज मिळतो.

या टाकीतून बाहेर पडणारे पाणी मात्र नदीत किंवा ओढ्यात सोडण्यासारखे नसते. त्यात सेंद्रिय भार थोडा उरतो, आणि नत्र-स्फुरद जवळजवळ जसेच्या तसे राहतात. शैवालाचे तळे येथे आपले काम चोख करते. शैवाल प्रकाशात प्राणवायू सोडते, तो घेऊन जिवाणू उरलेली घाण खातात आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शैवाल घेते. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकापासून याच जोडीवर सांडपाण्याची तळी उभी केली. शैवालापासून इंधन हे त्यानंतरचे वेड आहे. सगळा २० किलो बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा प्राणवायू) ब्लोअरने हवा देऊन काढायचा, तर रोज वीस-पंचवीस युनिट वीज लागते. बंद टाकीने बहुतेक भार काढल्यावर पावणेपाच गुंठ्यांच्या तळ्याचे, पाणी फिरते ठेवणारे वल्हेचाक सहा-सात युनिटांत चालते. आपली बचत ती आहे. एक उलटा हिशेबही जाता जाता बघा : सहा युनिट म्हणजे साडेएकवीस मेगाज्यूल, आणि पाऊण लिटर बायोडिझेलमध्ये असतात सुमारे सव्वीस. चाक फिरवण्याच्या विजेतच तेलाची बहुतेक कमाई जाते. गाळणे, वाळवणे, रसायने अजून धरलेलीच नाहीत.

शैवाल काढून घेणे टाळता येणार नाही, तेल काढायचे नसले तरीही. हिरवे पाणी तसेच बाहेर सोडले, तर त्यातील शैवाल निलंबित घन पदार्थ म्हणून मोजले जाते. सर्वसाधारण मानकात भूपृष्ठावरील पाण्यात सोडण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि आपल्या तळ्यात साडेतीनशे असतील. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या संमतीपत्रात नेमक्या कोणत्या अटी आहेत ते आधी पाहावे. बसवलेला गाळ मी दोन ठिकाणी वापरतो. थोडा बंद टाकीत परत घालतो, म्हणजे गॅसमध्ये किंचित भर पडते; पेशीभित्तिका चिवट असल्याने फार पडत नाही. उरलेला शेण-पाल्याबरोबर कुजवून उसाला देतो. रोजच्या सात किलोंत अर्धा किलो नत्र असते, म्हणजे चाळीस दिवसांत युरियाच्या एका पोत्याइतके नत्र शेतात जाते. जनावरांच्या खाद्यात हे शैवाल घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. सांडपाण्यावर वाढलेले काहीही मी गोठ्यात नेत नाही.

टेंपोसाठी बायोडिझेलच हवे, असा आग्रह असेल, तर वापरलेल्या खाद्यतेलाकडे पाहावे. एक लिटर तेलाचे जवळजवळ एक लिटर बायोडिझेल होते आणि ते तेल मूळचे कोरडे असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली अशा तेलाच्या संकलनाची योजनाही सुरू केली आहे. मिसळ, भजी आणि फरसाण यांवर चालणाऱ्या कोल्हापूर शहरात वर्षाला २४० लिटर जळके तेल गोळा करणे हे तळे बांधण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे. मात्र ते नोंदणीकृत उत्पादकाकडेच द्यावे, स्वतः करत बसू नये.

तरीही शैवाल करून पाहायचे असेल, आणि आपल्या पत्रावरून ते आपल्या मनात आहे असे दिसते, तर आधी दहा चौरस मीटरचा, जाड प्लास्टिक अंथरलेला उथळ खड्डा करावा आणि बंद टाकीतून किंवा सध्याच्या ईटीपीतून आलेले पाणी रोज सुमारे चारशे लिटर त्यात सोडावे. सकाळी आणि दुपारी चार वाजता पीएचच्या पट्टीने नोंद करावी. काठीला पांढरी ताटली बांधून पाण्यात बुडवावी. ती दहा ते पंधरा सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली, तर दाटी योग्य आहे. आठवड्यातून एकदा एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाणी अर्धा तास स्थिर ठेवून किती शैवाल तळाशी बसते ते पाहावे, कारण आपोआप बसणाऱ्या तळ्याचा तुरटीचा खर्च वाचतो. जागा २०१९ आणि २०२१च्या पुराचे पाणी जेथवर आले होते त्याच्या वर असावी. विक्रेता आपल्याला फेब्रुवारीत प्रात्यक्षिक दाखवील, कारण फेब्रुवारीत कोणाचेही तळे हिरवे होते. आपण खड्डा मेअखेरीस भरावा आणि जुलैची नोंद पाहावी. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पावणेपाच गुंठ्यांच्या तळ्यात ४८,००० लिटर पाणी वरून येते, म्हणजे आपल्या रोजच्या सांडपाण्याच्या अडीचपट, आणि कमावलेले शैवाल सांडव्यावरून निघून जाते. त्या आठवड्यात ताटली किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते आणि त्यानंतर तळे पुन्हा हिरवे व्हायला किती दिवस लागतात, हे लिहून ठेवावे. मोठ्या तळ्याचे क्षेत्रफळ आणि सांडव्याची उंची मी त्याच दोन आकड्यांवरून ठरवतो.